फातिमाच्या वाटेवर लिस्बन : दोन दिवसांचे नियोजन

फातिमा येथील मरियामातेच्या तीर्थस्थानाला एकदा तरी जाऊन यावे, ही इच्छा आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे मनात बाळगून असतात. त्यासाठी पैसा साठविला जातो, मुले आईवडिलांना पाठविण्याची तजवीज करतात आणि एके दिवशी यात्रेकरूंचा गट निघतो. या यात्रेत पोर्तुगालची राजधानी लिस्बन बहुधा वाटेवरच असते. परंतु अनेक कार्यक्रमपत्रिकांमध्ये या शहराच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. नदीकाठचा मनोरा बसमधून पाहायचा, एक छायाचित्र काढायचे आणि पुढे निघायचे. प्रस्तुत लेखकाच्या मते यात यात्रेकरूंचे, विशेषतः वसई, साष्टी आणि गोवा या भागांतून जाणाऱ्या यात्रेकरूंचे, मोठे नुकसान होते.

याचे कारण असे की, लिस्बन हे आपल्या इतिहासाचे दुसरे टोक आहे. १५३४ ते १७३९ अशी २०५ वर्षे वसईचा कारभार ज्या सत्तेच्या नावाने चालला, तिची राजधानी हे शहर होते. (मधली साठ वर्षे तो मुकुट स्पेनच्या राजाच्या मस्तकावर होता, ही गोष्ट वेगळी.) संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी, वयाची पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, येथील तेजो नदीच्या काठावरून जहाजाने निघाले आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. ज्या बंदरातून आपल्या पूर्वजांकडे सुवार्ता आली आणि तिच्यासोबत तोफाही आल्या, ते बंदर पाहण्यासाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवणे अगत्याचे आहे.

प्रथम प्रवासाच्या तयारीविषयी. भारतीय पारपत्रधारकांना पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. प्रवासाच्या तारखेपूर्वी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. मात्र १५ दिवसांवर विसंबून राहणे धोक्याचे असते. दोन-तीन महिने आधी अर्ज केलेला बरा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे. लूर्द, रोम आणि फातिमा अशी एकत्र यात्रा असेल, तर ज्या देशात अधिक दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि दिवस समान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार असेल त्याच्याकडे. हा नियम ठाऊक नसल्यामुळे ऐनवेळी धावपळ होऊ शकते.

ऋतूचा विचार करता एप्रिल, मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि गर्दीही फार. १२-१३ मे आणि १२-१३ ऑक्टोबर या दिवशी फातिमा येथे विराट समुदाय जमतो. त्या सोहळ्यासाठीच जायचे असेल तर गोष्ट निराळी. एरवी या तारखा टाळल्यास खोली सहज मिळते आणि प्रार्थनेला निवांतपणाही लाभतो. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अंतोनी यांच्या सणाची पूर्वसंध्या असते. जुन्या वस्तीतील गल्ल्यागल्ल्यांत निखाऱ्यांवर सार्डीन मासे भाजले जातात आणि पहाटेपर्यंत गाणी चालतात. तरुणांना हे सारे फार आवडेल. वृद्धांना मात्र त्या वस्तीत झोप मिळणार नाही.

दिवस निवडताना एक गोष्ट अवश्य पाहावी. जेरोनिमॉस मठ आणि अनेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर कार्मो मठाचे अवशेष रविवारी बंद असतात. म्हणून रविवार-सोमवार ही जोडी लिस्बनसाठी सर्वांत गैरसोयीची ठरते. ते दोन दिवस फातिमाला द्यावेत आणि मंगळवार-बुधवार किंवा त्यानंतरचे दिवस लिस्बनला.

शहर पाहण्यापूर्वी एक तारीख ध्यानात ठेवली, तर पुढचे सारे उलगडत जाते. १ नोव्हेंबर १७५५, सकल संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चेस भाविकांनी भरलेली असताना प्रचंड भूकंप झाला. वेद्यांवरील मेणबत्त्या आणि घरांतील चुली यांमुळे आगी लागल्या. जे नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, त्यांच्यावर थोड्याच वेळात त्सुनामीच्या लाटा आल्या. आग अनेक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील कित्येक जण प्रार्थनेसाठी आलेले होते. भाविकांनी भरलेली मंदिरे कोसळावीत आणि तीही सणाच्या दिवशी, या प्रश्नाने त्या काळी सारा युरोप अस्वस्थ झाला. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने शहराचा मधला सखल भाग सरळ रस्ते आखून नव्याने बांधला आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून इमारती भूकंपाला तोंड देतील अशा केल्या. याच मंत्र्याच्या कारकिर्दीत, १७५९ साली, येशूसंघीयांना पोर्तुगालमधून हद्दपार करण्यात आले. आज लिस्बनमध्ये एखादे चर्च पाहताना ते भूकंपापूर्वीचे की नंतरचे, हा प्रश्न मनाशी विचारावा.

पहिला दिवस जुन्या वस्तीसाठी ठेवावा. सुरुवात कॅथेड्रलपासून करावी. त्याला तेथे 'से' म्हणतात, म्हणजे धर्माध्यक्षांचे आसन; गोव्यातील से कॅथेड्रलमुळे हा शब्द आपणास परिचित आहेच. ११४७ मध्ये राजा अफोन्सो एन्रिकेश याने लिस्बन मूर मुस्लिमांकडून जिंकले, त्यानंतर मशिदीच्या जागी याचे बांधकाम सुरू झाले. दर्शनी भाग किल्ल्यासारखा वाटतो, तो त्या काळामुळेच.

कॅथेड्रलपासून काही पावलांवर संत अंतोनी यांचे चर्च आहे. आपण त्यांना पादुआचे संत म्हणून ओळखतो. लिस्बनवासीयांना मात्र हे मुळीच मान्य नाही. ११९५ च्या सुमारास ते याच ठिकाणी जन्मले, त्यांचे मूळ नाव फर्नांदो, आणि परंपरेनुसार त्यांचा स्नानसंस्कार शेजारच्या कॅथेड्रलमध्ये झाला. पादुआत ते निवर्तले, १३ जून १२३१ रोजी. मूळ चर्च भूकंपात कोसळले. नवे चर्च उभारण्यासाठी मुलांनी रस्त्यावर उभे राहून "संत अंतोनीसाठी एक नाणे" असे म्हणत पैसे गोळा केले, असे सांगितले जाते. जन्मस्थान समजली जाणारी छोटी खोली वेदीखालच्या तळघरात आहे. १२ मे १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेथे गुडघे टेकून प्रार्थना केली. वर्षभरापूर्वी आपल्यावर झालेल्या प्राणघातक हल्ल्यातून वाचल्याबद्दल मरियामातेचे आभार मानण्यासाठी ते तेव्हा फातिमाला निघाले होते. या चर्चमध्ये पवित्र मिस्सा मिळाली, तर पुढची एखादी प्रेक्षणीय जागा वगळली तरी चालेल.

येथून चढ चढत संत विन्सेंट यांच्या मठाकडे जावे. तरुण फर्नांदो याने प्रथम येथेच, अगस्तिनियन व्रतस्थ म्हणून, मठजीवन स्वीकारले. आजची इमारत नंतरची आहे. तेथपर्यंत २८ क्रमांकाची जुनी पिवळी ट्राम जाते. ती प्रसिद्ध असल्यामुळे खच्चून भरलेली असते आणि खिसेकापूंनाही ती प्रिय आहे. सकाळी लवकर बसावे, अन्यथा तिचा मोह सोडून द्यावा. पारपत्र आणि मोठी रक्कम निवासस्थानी सुरक्षित ठेवावी.

दुपारी खाली रोसियू चौकाकडे उतरावे. तेथील संत दोमिनिक यांच्या चर्चला सहलींचे गट क्वचितच जातात. ते चुकवू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. १९५९ मध्ये आगीने ते आतून जळाले. नंतर नवे छत घातले गेले, पण तडकलेले, कवचे उडालेले खांब तसेच ठेवण्यात आले. अशा खांबांमध्ये लोक शांतपणे जपमाळ ओढीत बसलेले दिसतात. परंतु या जागेची आणखी एक आठवण आहे. १५०६ च्या पास्काच्या काळात, दुष्काळ आणि प्लेग यांनी शहर त्रस्त असताना, या मठाच्या चर्चमधील क्रुसावर दिसलेला प्रकाश चमत्कार आहे, असे लोक म्हणू लागले. बळाने ख्रिस्ती करण्यात आलेल्या यहुदी समाजातील एकाने त्याविषयी शंका व्यक्त केली. त्याला ठार मारण्यात आले आणि पुढे तीन दिवस अशा 'नव्या ख्रिस्ती' लोकांची कत्तल चालली. जुन्या वृत्तांतांनुसार दोन ते चार हजार माणसे मारली गेली. २००० साली लिस्बनचे पॅट्रिआर्क जोझे पोलिकार्पो यांनी यहुदी समाजाची क्षमा मागितली. २००८ मध्ये चर्चसमोरील चौकात स्मारक उभारण्यात आले. जवळच, जेथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तेथे धर्मन्यायासनाचा म्हणजे इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यातील न्यायासन, ज्याची स्थापना १५६० मध्ये झाली, ते याच व्यवस्थेची शाखा होते. आपल्याच घराण्याच्या या पानाजवळ घटकाभर थांबावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बेलेमला जावे. हे नाव म्हणजे बेथलेहेमचे पोर्तुगीज रूप. येथे बेथलेहेमच्या मातेचे छोटे प्रार्थनामंदिर होते. जुलै १४९७ मध्ये भारताकडे निघण्यापूर्वी वास्को द गामा आणि त्याच्या सोबत्यांनी तेथे रात्र प्रार्थनेत घालविली, असे मानले जाते. त्याच जागी राजा मॅन्युएल पहिला याने जेरोनिमॉस मठ बांधविला. खर्चासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर पाच टक्के कर होता. त्यात आपल्या मलबारची मिरीही आली. दगडांत कोरलेले दोर, समुद्रातील वनस्पती आणि राजचिन्हे पाहताना याचा विसर पडू नये. चर्चच्या दाराजवळ एका बाजूस वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूस कवी कामोंइश याची समाधी आहे. गामाचा मृत्यू १५२४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला कोचीन येथे झाला. अस्थी नंतर मायदेशी नेल्या गेल्या. मठाच्या आतील प्रांगणाचे तिकीट आधीच इंटरनेटवर काढावे. दारावरच्या रांगेत सकाळ वाया जाते. नदीकाठचा बेलेम मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला होता, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. बाहेरून पाहिला तरी फारसे अडत नाही.

जवळच १९६० मध्ये, हुकूमशाहीच्या काळात, उभारलेले दर्यावर्दींचे उंच स्मारक आहे. त्यावरील पुतळ्यांमध्ये संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. ज्यांच्या किनाऱ्यांना ही जहाजे लागली, त्यांच्यापैकी मात्र तेथे कोणी नाही.

बेलेमचे गोड पदार्थ चाखल्यावाचून परत येऊ नये. मठांमध्ये झग्यांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरीत. उरलेल्या पिवळ्या बलकापासून मिठाई करीत. १८३४ मध्ये पुरुषांचे मठ बंद करण्यात आले आणि १८३७ पासून ही पाककृती बेलेममधील दुकानात आली.

दुपार उंचावरील शियादो भागासाठी. वर चढण्यासाठी पूर्वी ग्लोरिया नावाची तारेवर ओढली जाणारी ट्राम वापरीत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिला भीषण अपघात होऊन १६ जण मरण पावले. वृद्धांसाठी सोपा उपाय म्हणजे बाइशा-शियादो हे मेट्रो स्थानक : त्याच्या सरकत्या जिन्यांनी खालच्या भागातून थेट वर जाता येते. वर कार्मो मठाचे छत नसलेले चर्च आहे. भूकंपानंतर त्याच्या कमानी उघड्या आभाळाखाली तशाच उभ्या आहेत. वसई किल्ल्यातील मंदिरांचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना येथे परके वाटणार नाही.

तेथून थोड्या अंतरावर येशूसंघीयांचे संत रोक यांचे चर्च आहे. बाहेरून अगदी साधे. आत मात्र संत योहान बाप्तिस्ता यांचे प्रार्थनामंदिर आहे, जे राजा जुवांव पाचवा याने रोममध्ये बनवून घेतले. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४७ मध्ये त्यात मिस्सा अर्पण केली आणि मग ते सुटे करून जहाजांनी लिस्बनला आणले गेले. आठच वर्षांनी भूकंप झाला, पण ते वाचले. तरीही आपल्यासाठी खरा ठेवा सॅक्रिस्टीत आहे : आंद्रे रेनोसो याने १६१९ च्या सुमारास रंगविलेली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनावरील वीस चित्रे. झेवियर यांना संतपद १६२२ मध्ये मिळाले, म्हणजे चित्रे त्याआधीची. चित्रकाराने जी पूर्वेकडची माणसे रंगविली आहेत, ती कितपत आपल्यासारखी दिसतात, हे जवळून पाहावे.

शेवटी काही किरकोळ सूचना. लिस्बनचे पदपथ गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे असतात आणि पावसात फार निसरडे होतात. रबरी तळव्यांचे, वापरून सैल झालेले बूट न्यावेत. मेट्रो, बस आणि ट्राम यांसाठी 'नावेगान्ते' नावाचे एकच कार्ड चालते. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र कार्ड लागते. सप्टेंबर २०२४ पासून हॉटेलमध्ये प्रतिव्यक्ती प्रतिरात्र ४ युरो नगरकर आकारला जातो. तो खोलीच्या दरात धरला आहे का, हे विचारून घ्यावे. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पर्यटकांना फिरू देत नाहीत. मिस्सेसाठीच आलो आहोत, असे सांगून शांतपणे बसावे.

फातिमाला जाण्यासाठी सेते रियोस बसस्थानकावरून थेट बस मिळते. सुमारे दीड तास लागतो. आगगाडीने जाण्याचा विचार मात्र करू नये, कारण फातिमा नावाचे रेल्वे स्थानक तीर्थस्थानापासून सुमारे २० किलोमीटर दूर आहे.