हमी सरकारची, कर्ज बँकेचे

अमेरिकेत माजी सैनिकाला घर घ्यायला सरकारच पैसे देते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ‘व्हीए लोन’ हे कर्ज बहुतेक वेळा बँक किंवा खासगी गृहकर्ज कंपनी देते. माजी सैनिकांसाठीचे सरकारी खाते, म्हणजे व्हीए, जामीन राहते. कर्ज थकले आणि घर विकूनही वसुली पुरी झाली नाही, तर तूट हे खाते ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरून देते. ही मर्यादा साधारणपणे कर्जाच्या २५ टक्के असते, म्हणजे ४ लाख डॉलरच्या कर्जामागे १ लाख. या हमीचे संरक्षण बँकेला असते. हप्ते थकवणाऱ्याचे घर त्यामुळे वाचत नाही.

बँकेची जोखीम कमी झाल्याने डाउन पेमेंट न भरताही कर्ज मिळते आणि गृहकर्जावरच्या विम्याचा मासिक भुर्दंडही पडत नाही. यावरून घर जवळजवळ फुकटात पडते असा समज होतो, आणि खिशाला चाट बसते ती इथेच. कर्ज घेताना एकरकमी शुल्क लागते. एप्रिल २०२३पासूनच्या दरांनुसार डाउन पेमेंट न भरता पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला ते २.१५ टक्के, तर पुन्हा घेणाऱ्याला ३.३ टक्के पडते. ४ लाखांवर पहिल्या खेपेला ८,६०० डॉलर, पुढच्या खेपेला १३,२००. हे शुल्क कर्जात मिळवता येते, पण मग त्यावरही वर्षानुवर्षे व्याज चढते. सेवेत आलेल्या अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्याला ते पूर्ण माफ असते. भरपाई नंतर मंजूर झाली, पण कर्जाच्या आधीच्या तारखेपासून लागू झाली, तर भरलेले शुल्क परत मागता येते. ही तरतूद ठाऊक नसेल तर हजारो डॉलरवर पाणी सोडावे लागते.

ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते, हेही खरे नाही. घर विकून कर्ज फेडले की हक्क पुन्हा मिळवता येतो. ज्यांचा हक्क पूर्ण शिल्लक आहे, त्यांच्यासाठी २०२०पासून कर्जाच्या रकमेवर व्हीएची मर्यादाही उरलेली नाही. घर मात्र स्वतः राहण्यासाठीच हवे. चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घेऊन एकात राहिले आणि बाकीची भाड्याने दिली, तरी चालते.

पात्रतेचा दाखला हाती आला म्हणजे कर्ज मंजूर झाले, हा आणखी एक महागात पडणारा गैरसमज. शेवटचा शब्द बँकेचा असतो. व्हीएने किमान क्रेडिट स्कोअर ठरवलेला नाही, पण बहुतेक बँका आपापला ठरवतात. दाखला आणि कर्ज यांतले हे अंतर किती क्रूर ठरू शकते, ते इतिहासात नोंदलेले आहे. ही हमी ज्या कायद्याने सुरू झाली, त्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केलेल्या कायद्यात वर्णभेदाची अट नव्हती. तरीही १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या पाहणीत अशा हमीच्या ३,२००हून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली कर्जे अवघी दोन होती. युद्ध तेही लढले होते, पण बँकांनी त्यांना दारात उभे केले नाही. १९६८च्या कायद्याने गृहकर्जातल्या वर्णभेदाला देशभर बंदी घातली.

सेवेत असताना किंवा सेवेमुळे जडलेल्या आजाराने मरण पावलेल्या सैनिकाच्या पतीला वा पत्नीलाही ठरावीक अटींवर ही हमी मिळते.