करार गॅरेजपर्यंत पोहोचावा

माझ्या १९९० च्या दशकातील मोटारीचे वातानुकूलन नव्या वायूवर आणण्यासाठी मी ती दिल्लीतील एका गॅरेजमध्ये नेली. कारागिराने नळीचा जोड सैल केला आणि उरलासुरला आर-१२ वायू क्षणार्धात हवेत गेला. ‘‘साहेब, एवढ्याशा गॅसने काय होतं?’’ तो म्हणाला. मीही गप्प राहिलो.

ओझोनचा थर विरळ करणारा हाच तो वायू. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता २००८ मध्ये आपण अशा क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन थांबवले. हे यश निर्विवाद आहे. परंतु जुना वायू शोषून साठवणारे यंत्र त्या गॅरेजमध्ये नव्हतेच.

तेल, ड्रायर आणि रबरी कड्या बदलून कारागिराने आर-१३४ए भरला. तो ओझोनला घातक नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. २०२१ मध्ये मान्य केलेल्या किगाली दुरुस्तीनुसार २०३२ पासून अशा वायूंचाही वापर आपल्याला टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. तेव्हा केवळ उत्पादनावरील निर्बंध पुरणार नाहीत. वायू गोळा करणारे यंत्र, त्याचे प्रशिक्षण आणि जमा केलेल्या वायूचा मोबदला छोट्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्याची तरतूद आताच व्हायला हवी.