आई आणि मूल (लेखांक ५) : येरवड्याच्या भिंतीआड
सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ माणसांत निवड करू लागते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. कुणाच्याही कडेवर जाणारे लेकरू आता परक्याने उचलले की भोकाड पसरते आणि आईकडे झेपावते. पण त्याची आई येरवड्याच्या महिला कारागृहात असेल तर?

घरी सांभाळणारे कुणी नसले की मूलही आईबरोबर आत जाते. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी यासाठी नियम घालून दिले. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते. त्याला कैदी म्हणून वागवायचे नाही. तीन वर्षांखालच्यांना पाळणाघर, त्यापुढच्यांना बालवाडी हवी. जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव येऊ द्यायचे नाही.

हे ऐकून अनेकजण कळवळून म्हणतात, कोवळ्या जिवाला तुरुंग कशाला? एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवा. या कळवळ्याला १९४५ मध्येच उत्तर मिळाले आहे. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने दोन ठिकाणची बाळे पाहिली. एक होते अनाथालय: स्वच्छ, अन्न चांगले, डॉक्टर नियमित येणारे, पण एका दाईकडे आठ-आठ बाळे. पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या, त्यामुळे बाळांना दिसायचे ते फक्त छत. दुसरे होते स्त्रियांच्या तुरुंगातले पाळणाघर. तिथे शिक्षा भोगणाऱ्या आयाच आपापल्या बाळाला पाजत, न्हाऊमाखू घालत, खेळवत. तुरुंगातली बाळे बाळसे धरत वाढली. अनाथालयातली मुले दीड-दोन वर्षांची झाली तरी बहुतेक चालेनात, बोलेनात. आजाराची साथ आली तेव्हा कितीतरी दगावली. स्पिट्झच्या संशोधनपद्धतीवर पुढे टीका झाली, पण मूळ निष्कर्ष टिकला: दूध आणि औषध पुरेसे नसते, रोज तेच माणूस जवळ लागते. बाळ रडले की तेच हात येतात, या अनुभवातूनच त्याचा जगावर विश्वास बसतो. ते हात कैद्याचे आहेत, हे त्याच्या गावीही नसते.

मग सहाच वर्षे का? आत राहिलेल्या मुलाला रस्ता, बाजार, घरातले पुरुष यांची ओळखच होत नाही, आणि शाळा तर बाहेरच असते. त्याचबरोबर या वयापर्यंत आई नजरेआड असली तरी मनात धरून ठेवण्याची ताकद मुलात आलेली असते. दीड-दोन वर्षांच्या मुलात ती नसते. जेम्स रॉबर्टसनने १९५० च्या दशकात इस्पितळात एकट्या ठेवलेल्या लहानग्यांत पाहिले की आधी आकांत होतो, मग मूल मलूल होते, आणि शेवटी ते शांत दिसू लागते. नर्सना वाटे, रुळले. प्रत्यक्षात आई भेटायला आली की ते तोंड फिरवत असे.

सहा वर्षांच्या मुलालाही ही मनातली आई ताजी ठेवावी लागते, ती भेटींनी. नेहमीच्या मुलाखतीत मध्ये जाळी किंवा काच असते. म्हणून महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने सुरू केलेला ‘गळाभेट’ उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. त्यात मुले आत जाऊन आईवडिलांच्या कुशीत बसतात, त्यांच्या हातून खाऊ खातात. पण हा सोहळा असू नये. वर्षाकाठी एखाद्या दिवशी मिळालेल्या मिठीवर लेकरू तगत नाही. गळाभेट कारागृहाच्या वेळापत्रकात बसलेली हवी.

न्यायालयाने आठवड्यातून एकदा आईला भेटण्याचा हक्क दिला आहे, पण तो समाजकल्याण खात्याच्या गृहात ठेवलेल्या मुलांना. त्यांना कारागृहापर्यंत आणण्याची जबाबदारीही त्याच खात्यावर टाकली आहे. जे मूल सोलापूरकडच्या एखाद्या खेड्यात आजीजवळ वाढते, त्याला येरवड्यात कोण आणणार? आजीचा एक दिवसाचा रोज बुडतो, वर दोघांचे एसटीचे भाडे. ते भाडे सरकारने द्यावे.