चाकाचा आवाज: टायर की बेअरिंग?

वर्ध्यातून समृद्धीवर चढलो, वेग शंभरावर गेला, की जी घूंऽ घूं ऐकू येते तिचा दोष आपण टायरला देतो. पण आपल्या काळ्या मातीचा चिखल सील झिजलेलं असलं तर आत शिरतो, ग्रीस बिघडवतो आणि बेअरिंग खातो.

मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवून बघू. भार उजव्या चाकावर येतो. आवाज वाढला तर संशय उजव्यावर. मग जॅक आणि खाली स्टँड लावून चाक वर-खाली धरून हलवायचं. ढिलाई जाणवली, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगू: ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बहुधा बॉल जॉइंट.

सीलबंद बेअरिंग बदलावंच लागतं. नवं हबच्या घरात बसवताना हातोडा नको, प्रेसच हवा, आणि दाब बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर दाबलं, तर गोळ्यांच्या खुणा उमटून नवं बेअरिंगही लवकरच घूं घूं करायला लागतं.