सड्यावरचा हत्ती आणि चौथा उपग्रह

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. पोटात इतर प्राण्यांची दाटी. एवढं धूड, पण दहा पावलांवरून दिसेल तर शपथ! रेषा आडव्या जमिनीवर आणि खोली जेमतेम काही सेंटीमीटर. पावसानंतर गवत माजलं की माणूस त्याच्या अंगावरून चालत जातो. भर दुपारी रेषा विरतात; तिरप्या उन्हात खाचा सावली धरतात, तेव्हा कुठे सोंड उमटते.

तेव्हा उपग्रहचित्रावर बोट फिरवून कातळशिल्प सापडेल, ही आशा सोडलेली बरी. नकाशा सांगतो ते इतकंच: सडा कुठे उघडा आहे, वाडीतून वाट कुठून चढते, चिरेखाण किती जवळ आली आहे. चित्र दाखवतो तो गुराखी. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांची कातळशिल्पांची शोधयात्राही गावकऱ्यांना विचारत विचारतच झाली.

मग जीपीएस कशाला? दुसऱ्यांदा जायला. सपाट सड्यावर खुणेला ना झाड, ना घर. फोन सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत पकडतो. तीन अंतरांवरून जागा ठरते. चौथा फोनच्या घड्याळाची चूक भरून काढतो. मोकळ्या आभाळाखाली फरक राहतो पाचेक मीटरांचा. देवाचे गोठणे या गावी कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. फोनमधलं होकायंत्रही चुंबकीयच, त्याचाही भरवसा नाही. अक्षांश-रेखांश मात्र शाबूत, त्यांचा चुंबकाशी संबंधच नसतो.

घोळ होतो तो वहीत. १६ अंश ४२ मिनिटं म्हणजे दशांशात १६.७०. घाईत कुणी १६.४२ टाइप केलं, की माणूस ३१ किलोमीटर दक्षिणेला! सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांची खोच आणखी बारीक. ते १८३० साली सर्वेक्षक एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले, जीपीएसचं गणित वेगळ्या आकारावर. आकडे तेच, पण कोकणात जागा शंभर मीटरांहून जास्त सरकते. सड्यावर एवढ्यात हत्ती सहज हरवतो.

म्हणून आकड्यांशेजारी कुठला नकाशा, कुठली पद्धत हे टिपावं. आणि सड्याचं गावातलं नावही. फोनची बॅटरी संपली तर वाडीत तेच विचारायचं असतं.