पुनःप्रदाय नियंत्रण प्रणाली

यंत्राच्या किंवा प्रक्रियेच्या प्रदानाचे (बाहेर पडणाऱ्या फलाचे) सतत मापन करून ते इष्ट मूल्याशी ताडून पाहणे आणि दोहोंमधील फरकानुसार त्याच यंत्राच्या आदानात (आत जाणाऱ्या राशीत) आपोआप बदल करणे, या कार्यासाठी केलेल्या मांडणीस पुनःप्रदाय नियंत्रण प्रणाली म्हणतात. प्रदानाची माहिती पुन्हा आदानाकडे पोहोचविली जाते म्हणून हे नाव पडले.

खुली व बंद प्रणाली : अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व घरोघरी वाळ्याचे किंवा गवती ताट्यांचे कूलर लावलेले असतात. साध्या कूलरचा पंखा खोली थंड झाली की नाही हे न पाहता फिरत राहतो. ही खुली प्रणाली होय. त्याच कूलरच्या टाकीत मात्र तरंगत्या गोळ्याची झडप असते. पाणी खाली गेले की गोळा खाली येतो व झडप उघडते. ठराविक पातळी गाठताच ती मिटते. ही बंद, म्हणजेच पुनःप्रदाय प्रणाली होय. पाणी उन्हामुळे आटले की गळतीने गेले, हे झडपेला कळण्याची गरज नसते. विक्षोभाचे कारण माहीत नसतानाही त्याचा परिणाम भरून काढणे हा पुनःप्रदायाचा मुख्य गुण आहे.

घटक : प्रत्येक बंद प्रणालीत प्रदान मोजणारा संवेदक, मापनाची इष्ट मूल्याशी तुलना करून त्रुटी काढणारा तुलनाकारक, त्रुटीवरून आज्ञा ठरविणारा नियंत्रक आणि ती अंमलात आणणारा झडप वा चलित्र यांसारखा कार्यकारी घटक असतो. सुधारणा त्रुटीच्या विरुद्ध दिशेने होत असेल तर पुनःप्रदाय ऋण असतो. त्याच दिशेने होत असेल तर तो धन असतो व त्रुटी वाढत जाते.

गतिनियंता : जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा गतिनियंता जोडला. कापसातील सरकी काढणारे अनेक रेचे एकाच एंजिनावर पट्ट्यांनी चालत असले आणि त्यांतील काही एकदम थांबविले, तर भार कमी होऊन एंजिनाचा वेग वाढतो. वेग वाढताच गतिनियंत्याचे गोळे बाहेर फाकतात व तरफेद्वारे वाफेची झडप अंशतः मिटते. परंतु झडप नव्या स्थितीत राहण्यासाठी गोळेही किंचित फाकलेलेच राहावे लागतात. म्हणून वेग मूळ मूल्यावर न येता थोडा जास्त राहतो. ही उरलेली त्रुटी काढण्यासाठी त्रुटीची कालानुसार बेरीज करून तीवरही सुधारणा ठरविणारा नियंत्रक लागतो.

स्थैर्य : सुधारणा फार जोराची किंवा उशिरा झाली, तर ती पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते व प्रणाली इष्ट मूल्याच्या दोन्ही बाजूंस हेलकावे खाऊ लागते. म्हणजे अचूकतेसाठी लाभांक वाढवावा तर स्थैर्य धोक्यात येते. या प्रश्नाचे गणितीय विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले. हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये दूरध्वनीच्या विवर्धकासाठी ऋण पुनःप्रदाय योजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये स्थैर्याची कसोटी मांडली.

औष्णिक वीज केंद्रातील उपयोग : अकोला जिल्ह्यातील पारस येथील केंद्रात प्रत्येकी २५० मेगॅवॉट क्षमतेचे दोन संच आहेत. अशा केंद्रात अनेक नियंत्रण प्रणाली एकाच वेळी कार्य करीत असतात. त्यांपैकी बाष्पित्राच्या पिंपातील पाण्याची पातळी राखणारी प्रणाली उद्बोधक आहे. पाणी कमी झाल्यास नळ्या तापून फुटतात. जास्त झाल्यास थेंब वाफेबरोबर टरबाइनात जाऊन पात्यांना इजा होते. विजेची मागणी एकाएकी वाढली की वाफ अधिक ओढली जाते, पिंपातील दाब उतरतो व पाण्यातील बुडबुडे फुगतात. त्यामुळे पाणी प्रत्यक्षात कमी होत असताना पातळी मात्र वर चढलेली दिसते. केवळ पातळीवर विसंबणारा नियंत्रक अशा वेळी पाणीपुरवठा घटवील, म्हणजे नेमके उलटे करील. म्हणून पातळीबरोबरच बाहेर जाणारी वाफ व आत येणारे पाणी यांचेही मापन केले जाते. या पद्धतीस त्रिघटकी नियंत्रण म्हणतात.

कंप्रता नियंत्रण : भारतातील विद्युत् जाळ्याची प्रमाण कंप्रता ५० हर्ट्झ आहे. मागणी उत्पादनापेक्षा वाढली की जोडलेल्या सर्व जनित्रांचा वेग, आणि त्याबरोबर कंप्रता, उतरते. गतिनियंत्याची मांडणी अशी असेल की कंप्रता ५ टक्के, म्हणजे २.५ हर्ट्झ, उतरल्यास झडप पूर्ण मिटलेल्या स्थितीतून पूर्ण उघडावी, तर ०.१ हर्ट्झच्या घटीस २५० मेगॅवॉटचा संच १० मेगॅवॉट अधिक वीज देतो. मात्र तेवढी क्षमता राखीव असावी लागते.

कंप्रता सतत चढउतार करीत असेल, तर झडपांची हालचाल अखंड चालते व संचावर ताण पडतो. या कारणास्तव भारतातील अनेक केंद्रांत गतिनियंत्याचे हे कार्य रोखून ठेवण्याचा प्रघात पडला होता. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभाराच्या वेळी सुटली व उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येकडील जाळीही त्याबरोबर गेली. वऱ्हाड ज्यात येते ते पश्चिम जाळे टिकले, परंतु तेथून बाहेर जाणारी वीज खुंटल्याने त्याची कंप्रता ५० हर्ट्झच्या वर गेली. चौकशी समितीने केलेल्या शिफारशींत गतिनियंते मोकळे ठेवून जनित्रांनी कंप्रतेस तात्काळ प्रतिसाद द्यावा, या गोष्टीचा समावेश होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशास जोडले गेल्यापासून पारसची टरबाइने व देशातील इतर सर्व जनित्रे एकाच कंप्रतेने बांधली गेली आहेत. एका केंद्राने झडप रोखून धरली, तर त्याच्या वाट्याची सुधारणा इतरांना करावी लागते. सर्वांनीच तसे केल्यास ती करणारे कोणी उरत नाही.