भेगेतले लिंपण

मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वरच्या अलीकडे आरवली, तुरळ, राजवाडी ही गावे लागतात. तिथल्या कुंडांतले पाणी बाराही महिने गरम असते. अशी कुंडे पालघरपासून राजापूरपर्यंत उत्तर-दक्षिण रांगेने आहेत. पावसाचे पाणी खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि खडकातल्या भेगांवाटे वर येते. त्या भेगांची दिशा म्हणजेच कुंडांची रांग.

याच किनाऱ्यासमोर, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या विहिरी खणणाऱ्या जहाजाने तिथे तेल शोधले आणि १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. हे तेल ज्या चुनखडकात आहे त्याच्या उंचवट्याची पूर्वेची बाजू भ्रंशांनी तुटलेली आहे. शेजारच्या खोलगट भागांत गाडल्या गेलेल्या जुन्या गाळात तेल तयार झाले, ते वर सरकत आले आणि या उंचवट्यावर, शेलच्या, म्हणजे दाबून घट्ट झालेल्या चिकणमातीच्या, थरांखाली अडकले. तुटलेल्या जमिनीच्या शेजारी ते लाखो वर्षे टिकून आहे. कोकणात पाणी भेगेतून वर येते आणि समुद्राखाली भेगेच्या कडेला तेल थांबते. कुठली भेग वाहू देते आणि कुठली अडवते, हे ओळखण्याची एक स्वतंत्र विद्या भूवैज्ञानिकांनी गेल्या सहा दशकांत उभी केली आहे. पेट्रोल सगळ्यांच्या बोलण्यात असते. या विद्येचे नाव कुणी काढत नाही, म्हणून हा परिचय.

शाळेच्या भूगोलात आपण ज्याला प्रस्तरभंग म्हणून शिकलो तोच हा भ्रंश. खडक तुटतो आणि एक बाजू दुसरीच्या तुलनेत खाली किंवा वर सरकते. तेल ज्यात साठते तो वाळूचा खडक सरकून पलीकडच्या शेलसमोर आला, तर वाट बंद होते. हे सरळ आहे. खरा पेच पुढचा आहे. दोन्ही बाजूंना वाळूचाच खडक समोरासमोर आला, तर तेल पलीकडे जायला हवे, पण पुष्कळदा ते जात नाही. एका बाजूच्या विहिरीत तेल मिळते, दुसऱ्या बाजूला नुसते खारे पाणी. कधी तेल दोन्हीकडे असते, पण दाब वेगवेगळा. म्हणजे मध्ये काहीतरी आडवे आलेले आहे.

डी. ए. स्मिथ यांनी १९६६मध्ये या अडथळ्याची भौतिकी मांडली. छिद्रे जितकी बारीक, तितका तेलाला आत शिरायला दाब जास्त लागतो. तेवढा दाब साठला नाही तर तेल बाहेरच थांबते. १९८९मध्ये अर्बन ॲलन यांनी भ्रंशाच्या पृष्ठावरच दोन्ही बाजूंचे थर एकावर एक रेखाटण्याची रीत दाखवली. कुठल्या थरासमोर कुठला थर आला हे एका चित्रात दिसू लागले. आजही कामाची सुरुवात याच चित्रापासून होते.

पण भेगेत नेमके असते काय? कोकणात कुडाची भिंत किंवा धान्याची कणगी शेणमातीने लिंपलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पटकन कळेल. खडक एकमेकांवर घासत सरकतात तेव्हा मधल्या चिकणमातीच्या थरांचा लगदा होतो आणि तो भेगेच्या अंगावर लिंपला जातो. लिंपण जाड आणि सलग असेल तर तेल थांबते. फाटले असेल तर झिरपते. ग्रॅहम यील्डिंग, ब्रेट फ्रीमन आणि टिम नीडहॅम यांनी १९९७मध्ये याला आकड्यात बसवले. भ्रंशावरचा एक बिंदू घ्यायचा. त्या बिंदूसमोरून जेवढा खडक सरकून गेला, त्यात माती किती टक्के होती हे काढायचे. समजा, सरक १०० मीटरची आहे आणि त्या १०० मीटरमध्ये मातीचे सगळे थर मिळून २५ मीटर भरतात. तर उत्तर २५ टक्के. विहिरींतल्या दाबांशी ताडून पाहिले तेव्हा साधारण १५ ते २० टक्क्यांच्या वर भेग अडवू लागते असे दिसले. इतका साधा भागाकार कोट्यवधी रुपयांची विहीर कुठे खणायची या निर्णयात वापरला जातो, याचे मला आजही अप्रूप वाटते. मात्र हा हिशेब वाळू-मातीच्या थरांसाठी आहे. मुंबई हायसारख्या चुनखडकात माती कमी असते, तिथे भेग खनिजांनी सांधलेली आहे की विरघळून पोकळ झाली आहे हे पाहावे लागते. एका प्रदेशाचा आकडा दुसऱ्या प्रदेशावर लादणारा भूवैज्ञानिक फसतो.

शिवाय भूकंपीय सर्वेक्षणात प्रत्यक्ष लिंपण दिसतच नाही. ते फार पातळ असते आणि काही मीटरच्या सरकेचे भ्रंश तर सुटूनच जातात. म्हणून भूवैज्ञानिक उघड्या खडकांकडे जातात. अमेरिकेतल्या युटामध्ये, आर्चेस राष्ट्रीय उद्यानाच्या तोंडाशीच मोआब भ्रंश आहे. तिथल्या तांबड्या वालुकाश्मात भेगेच्या आसपासचा खडक फिका पडला आहे. पूर्वी इथून गेलेल्या द्रवांनी लोहाचा तांबडा रंग धुऊन नेला. कुठून वाट होती आणि कुठे नव्हती, हे रंगावरून वाचता येते. तिथून फार लांब नसलेल्या ग्रीन रिव्हर गावाजवळ दुसऱ्या एका भ्रंशातून कार्बन डायऑक्साइड वर येतो. तेलासाठी १९३५च्या सुमारास खणलेल्या विहिरीतून तिथे थंड पाण्याचे कारंजे उसळते. आजूबाजूला साचलेल्या चुन्याच्या थरांवरून ही गळती एक लाखाहून जास्त वर्षे चालू असल्याचे दिसते. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली पुरून ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक देशाने हे ठिकाण आधी अभ्यासायला हवे.

आणि अडवणारी भेगसुद्धा कायम शांत राहत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे प्रचंड वायुक्षेत्र १९५९मध्ये सापडले. वायू काढला तसा सुमारे तीन किलोमीटर खोलीवरच्या वालुकाश्मातला दाब उतरला, खडक दबला आणि त्यातले जुने भ्रंश सरकू लागले. १६ ऑगस्ट २०१२ला हाउझिंगे गावाजवळ ३.६ रिश्टरचा धक्का बसला. धक्का लहान होता, पण मऊ जमिनीवरच्या विटांच्या घरांना त्याने तडे गेले आणि हजारो कुटुंबांची झोप उडाली. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे दाद मागितली. ऑक्टोबर २०२३मध्ये उत्पादन थांबले आणि एप्रिल २०२४मध्ये ते कायद्याने कायमचे बंद झाले. वायू मात्र खाली अजून पुष्कळ शिल्लक आहे.